अकरावी-बारावीच्या पोरांना पैशाचं नेमकं काय शिकवायचं?

माणदेशी_मास्तर:
नमस्कार मंडळी. माण तालुक्यात ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. प्राचार्यांनी शनिवारचा एक तास दिलाय, विषय "आर्थिक साक्षरता, उद्योजकता वगैरे", वगैरे त्यांचंच. मागं एक पाहुणे येऊन गेले, बचतीचं महत्त्व, चक्रवाढ व्याज, पीपीटी, मागच्या बाकावरची पोरं झोपली आणि मला त्यांचा रागही आला नाही. यातली बरीचशी पुढं आयटीआय करून नाहीतर तशीच चाकण-रांजणगावला जाणार, दोन-चार जणांना स्वतःचं काहीतरी टाकायचंय, मोबाईल शॉपी नाहीतर चहाचा गाडा. बचत करायला आधी हातात पैसा तर पाहिजे. सुरुवात कशानं करू?

चाकण_एचआर:
सर, पगाराच्या स्लिपनं करा. दर महिन्याला एक तरी पोरगा स्लिप घेऊन भांडायला येतो, मॅडम माझे पैसे कापले म्हणून, आणि त्याचं चुकत नाही कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. फळ्यावर हे लिहा: कंत्राटदार सांगतो १७,९६० सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,४४० (बेसिक १२,००० चे १२ टक्के) आणि ईएसआयचे (कामगारांच्या आरोग्य विम्याचे) ५२० धरलेले असतात, म्हणजे खरा पगार १६,०००. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ परत १,४४०, ईएसआय १२०, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात १४,२४०. मुलींना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, तेही सांगा, वर्गातल्या मुली एकदम सरळ बसतील. वरून कॅन्टीन आणि बसचे कापले तर वेगळेच. मग विचारा, खोलीभाडं आणि मेस जाऊन घरी किती पाठवशील? तिथून पुढचा तास पोरंच चालवतील.
अजून एक, कंपनी बदलली की जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्यायचा. पोरं दर वेळी नवीन काढतात आणि मग पीएफ तीन ठिकाणी अडकून बसतो. आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे किंवा ओरिजिनल मार्कशीट मागितली तर तिथून निघायचं, वाद घालत बसायचं नाही.

रोखठोक:
हे सगळं ठीक आहे हो पण मला एक कळत नाही, नोकऱ्या नाहीत म्हणून पोरांना उद्योजक व्हा म्हणायचं, हे जरा सोयीचं नाही का सरकारला? मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, कामावर शिकायचं आणि विद्यावेतन घ्यायचं, बारावीला महिना ६,०००, आयटीआयला ८,०००, पदवीला १०,०००. आमच्या भावकीतला एक पोरगा त्यात होता, मुदत संपल्यावर घरीच आहे. त्याला काय कमी शिकवायचं राहिलं होतं?

दीपमाळ:
@रोखठोक दादा, मुद्दा बरोबर आहे, पण म्हणून मास्तरांनी तास रिकामा सोडायचा का? धंदा शिकवायचा तर भाषण नको, करायला लावा. पाबळला विज्ञान आश्रम आहे ना, डॉ. कलबागांनी १९८३ ला सुरू केलेला, तिथली पद्धत हीच, पोरांनी हातानं वस्तू करायची, गावातलं खरं काम घ्यायचं आणि त्याचा हिशोब मांडायचा.
आम्ही दिवाळीत सहा पोरांना आकाशकंदील करायला लावले. ४० कंदील, सामान २,४०० चं, ते पैसे आम्ही उसने दिलेले. विकले ३१, एकी १२० नं. पोरं म्हणाली ३,७२० आले, १,३२० नफा, पार्टी! म्हटलं थांबा, चार कंदील उधारीवर गेलेत ते वजा करा, सामान आणायला एसटीचे २०० गेले ते कुठं लिहिलेत? उरले ६४०. सहा जणांत शंभराच्या आसपास, आणि संध्याकाळभर कागद कापत बसलेल्या मजुरीचं तर नावच नाही. उधारीवाल्यांत एकीचा सख्खा मामा होता, तो अजून टोलवतोय, त्याच्यावर तर आमची तासभर चर्चा झाली, नातेवाइकाकडं पैसे कसे मागायचे. मुद्रा कर्ज (छोट्या धंद्यासाठीचं), उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) हे सगळं त्याच्या नंतर. उद्यम नोंदणी फुकट होते बरं का, एजंटाला हजार रुपये देऊ नका.

बँकवाला_काका:
रिटायर्ड माणूस, थोडं आगाऊ बोलतो. बचतीच्या आधी पैसे घालवायचं कसं थांबवायचं ते शिकवा. टेलिग्रामवरच्या टिपा घेऊन पोरं ऑप्शन (शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे) खेळतात, काही तर मोठ्या भावाच्या डीमॅटवर, म्हणजे शेअरच्या खात्यावर. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ ला स्वतःच सांगितलंय की आधीच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या किरकोळ लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी माणशी २ लाख. एवढा एकच आकडा फळ्यावर लिहून ठेवा.
दुसरं त्याहून वाईट. "तुझं खातं वापरायला दे, महिना पाच हजार देतो." पोराला वाटतं आपलं काय जातंय. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो, मग खातं गोठतं आणि पोलीस पहिले याच्या दारात. पासबुक, एटीएम, सिम, ओटीपी कुणाला द्यायचं नाही, जिवलग मित्राला पण नाही. फसलोच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, घरचे ओरडतील म्हणून दोन दिवस लपवायचं नाही, तेवढ्यात पैसा दहा खाती फिरून येतो.

माणदेशी_मास्तर:
वा, सगळ्यांचे आभार. येत्या शनिवारी स्लिप, मग खातं भाड्यानं देण्याचा विषय, दिवाळीआधी कंदील. रोखठोक दादा, तुमचा प्रश्न पण वर्गात टाकणार आहे, बघू पोरं काय म्हणतात. कुणाकडं जुन्या स्लिपा असतील तर फोटो पाठवा, नाव आणि यूएएन खोडून.

चाकण_एचआर:
खाते नंबर पण खोडा. पाठवते दोन-तीन, एकीत ओव्हरटाइम आहे, तो पोरांना काढायला लावा.