मदत हवी आहे: म्यानमारहून परतलेल्या तरुणाच्या तक्रारीत मानवी तस्करीचं कलम कसं लावून घ्यायचं?

बँकॉकला डेटा एन्ट्रीची नोकरी सांगून नेलं. विमानतळावरून गाडीने थेट थायलंडच्या सीमेवरचं माए सोत, मग रात्री मोई नदी ओलांडून म्यानमारमधलं म्यावड्डी. तिथे पासपोर्ट काढून घेतला, मारहाण करून ऑनलाइन फसवणूक करवून घेतली आणि सोडायला पैसे मागितले.

गुन्हा नोंदलाय, पण फक्त फसवणुकीचा, भारतीय न्याय संहिता कलम ३१८ खाली. "स्वतःहून गेला ना?" एवढंच पोलिसांचं उत्तर. त्याच संहितेच्या मानवी तस्करीच्या कलम १४३ मध्ये पीडिताची संमती गैरलागू आहे, हे तपास अधिकाऱ्यांना लेखी दिलंय. खरी अडचण 'शोषण' या शब्दाची: व्याख्येत गुलामगिरी येते, बळजबरीने करवलेला गुन्हा असा शब्दशः उल्लेख नाही.

हाताशी आहे ते: टेलिग्राम चॅट, एजंटला यूपीआयने दिलेले पैसे, तिकीट. पासपोर्टवर थायलंडचा शिक्का आहे, म्यानमारचा नाही. एजंट ई-मायग्रेटवर (परदेशी नोकरीसाठीचं सरकारी पोर्टल) नोंदणीकृत नाही. मुलगा दहावी पास, त्यामुळे एमिग्रेशन क्लिअरन्स (नोकरीसाठी परदेशी जाण्याची सरकारी परवानगी) लागलाच नाही.

वकील आहेत, खर्चाचा प्रश्न नाही. अशा प्रकरणात १४३ लागलेलं कुणी पाहिलंय का? पासपोर्ट जप्ती, कोंडून ठेवणं, खंडणी यांपैकी कशावर भर दिला? आणि वरिष्ठांकडे अर्ज करून मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली (तपासाचा आदेश मागायला) दंडाधिकाऱ्यांकडे जावं, की आधी तपास अधिकाऱ्यांकडूनच कलमवाढ मागावी?