प्लास्टरआधी नेटवर्क केबल: कॅट ६ की कॅट ७?

भिंतफोड_चालू
३ बीएचकेचं वायरिंग नव्याने करतोय, पुढच्या आठवड्यात प्लास्टर. फायबरचा बॉक्स हॉलमध्ये. तिथून दोन बेडरूम आणि पॅसेजच्या छताला वायफाय पॉइंट. सगळ्यात लांब अंतर १८ मीटर, प्लॅन ३०० एमबीपीएसचा. दुकानदार म्हणतो शील्डेड (तारांवर धातूचं वेष्टण असलेली) कॅट ७ घ्या. इलेक्ट्रिशियन म्हणतो लाइटच्याच पाईपातून ओढतो. कुणाचं ऐकू?

आठ_तारा
दोघांचंही नको.

१ गिगाबिट (१००० एमबीपीएस) तर जुन्या दर्जाची कॅट ५ईसुद्धा १०० मीटरपर्यंत देते. तरी भिंतीत कॅट ६ टाका, कारण ती ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट नेऊ शकते आणि भिंत पुन्हा फोडायची नसते. कॅट ७ मुळात आरजे४५साठी (राउटरला लागतो तो नेहमीचा नेटवर्क प्लग) ठरवलेलीच नाही. शिवाय शील्डला धातूचे कनेक्टर आणि अर्थिंग लागतं. ते नसेल तर शील्डचे पैसे पाण्यात. जाड, ताठ केबल मॉड्युलर बॉक्समध्ये वळत नाही ते वेगळंच.

बेडरूमला दोन-दोन, वायफायला एक. पाच ओळी म्हणजे १०० मीटरचा बॉक्स पुरावा, पण आधी टेपने मोजा आणि दर टोकाला अर्धा मीटर जास्त धरा.

तांबं_की_मुलामा
आकड्यापेक्षा तांबं तपासा. 'सीसीए' लिहिलंय म्हणजे आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. काही जण ते छापतही नाहीत, म्हणून एक तार ब्लेडने खरवडा: आत चंदेरी दिसली की परत करा. २३ गेजच्या (तारेच्या जाडीचं माप) ३०५ मीटर केबलमध्ये नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या वर भरतं, त्यामुळे बॉक्स उचलूनही शंका येते.

ॲल्युमिनियमचा रोध दीडपटीहून जास्त. वायफाय पॉइंटला वीज त्याच केबलमधून द्यायची असेल, तर व्होल्टेज पडतं आणि केबल तापते. वाकवताना तार तुटते ती बहुतेक कनेक्टरच्या तोंडाशी.

आठ_तारा
आता पाईप. लाइटच्या पाईपात अजिबात नको. ओढताना साल सोललं तर २३० व्होल्ट थेट राउटरवर, हा खरा धोका. गडबड-सिग्नल वगैरे नंतरचं. वेगळा २५ मिमी पाईप, समांतर जाताना फूटभर अंतर, ओलांडायचाच तर काटकोनात. एल्बो नाही, लांब बेंड. दोन बेंडनंतर एक जंक्शन बॉक्स ठेवा, नाहीतर केबल ओढायची स्प्रिंग अडकते.

भिंतफोड_चालू
भिंतीतून आलेल्या केबललाच थेट प्लग मारला तर? सॉकेटचा खर्च वाचेल.

तांबं_की_मुलामा
भिंतीतली तार एकसंध असते, रोज हलवली की तुटते. भिंतीत कीस्टोन जॅक (सॉकेटमध्ये बसणारा नेटवर्कचा खाचा), पुढे तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली लवचीक केबल).

दोन्ही टोकांना बी पद्धत, म्हणजे तारांच्या रंगांचा ठरलेला क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका. हिरव्याची जोडी निळ्याच्या दोन्ही बाजूंना बसते, लोक तिथेच चुकतात. दोन्ही टोकांना रंग जोडीनेच एकामागे एक लावले तर साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण दोन जोड्यांचा पीळ मोडतो आणि लाइन धड चालत नाही.

लिंक १०० एमबीपीएसवर अडकली, तर बहुतेक निळी किंवा तपकिरी जोडी सुटलेली असते. १०० ला नारिंगी आणि हिरवी पुरते. हे सगळं प्लास्टरआधी तपासा.