सरावाच्या अंतराबद्दल थोडेसे

गटाने लांबच्या सायकल प्रवासाला निघण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा तरी १०० किलोमीटर सायकल चालवून पाहावी, अशी सूचना केली जाते आणि ती योग्यच आहे. मात्र त्यापेक्षा लागोपाठ दोन दिवस, तेही प्रवासात न्यायचे सगळे सामान लादून, ६०-७० किलोमीटर चालवणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण सीट खरोखर मानवली की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसतानाच कळते आणि मागच्या चाकाच्या सैल तारा ओझ्याखालीच कुरकुरू लागतात. ट्यूबचे व्हॉल्व्ह (हवा भरण्याचे तोंड) प्रेस्टा, म्हणजे बारीक, आहेत की श्रेडर, म्हणजे मोटारीच्या चाकासारखे जाड, हेही सर्वांचे आधी पाहून ठेवावे. अन्यथा पंप हाताशी असूनही तो व्हॉल्व्हला न बसल्याने हवा भरता येत नाही (आमची एकदा अशीच फजिती झाली होती). गटाचा वेग मात्र सर्वांत सावकाश चालवणाऱ्याचाच धरावा.