लाकडी शिंगल्सचं छप्पर घालावं का? आगीची भीती वाटतेय

रानवाट:
नमस्कार मंडळी. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं थोडं रान आहे, तिथं छोटं घर बांधायला काढलंय. आर्किटेक्टनी छपराला लाकडी शिंगल्स सुचवल्यात, फोटोत भारी दिसतंय, घरच्यांनाही पसंत आहे, पण तीन बाजूला ऊस आणि मागं गवताचा डोंगर, उन्हाळ्यात वणवा ठरलेलाच. फायरप्रूफ कोटिंग मारलं की काही होत नाही म्हणतात, खरं आहे का?

करवीर_बांधकाम:
दादा, नका घालू. आग घरापर्यंत यायची गरजच नसते, वणव्यातनं नाहीतर पाचट पेटवल्यावर जे जळकं वाऱ्यानं उडत येतं ना तेच घात करतं. शिंगल्स म्हणजे पातळ फळ्या एकावर एक चढवलेल्या, मधल्या फटीत वाळका पाला साठतो, त्यात निखारा पडला की धुमसत राहतो आणि खालनं हवा मिळाली की भडकतो. आणि पेटलेली शिंगल सुटून उडते ती पुढच्या छपरावर. अमेरिकेत बर्कलीला सप्टेंबर १९२३ मध्ये डोंगरातला वणवा असाच गावात शिरला, काही तासांत ५८० च्या आसपास इमारती खाक, लाकडी शिंगल्समुळं आग पसरत गेली. १९६१ ला लॉस एंजेलिसच्या बेल एअरमध्ये परत तेच, पावणेपाचशेच्या वर घरं गेली!

कोटिंगचं म्हणाल तर ब्रशनं मारलेलं आपल्या पावसात टिकत नाही. कारखान्यात दाबाखाली केमिकल मुरवलेला माल वेगळा, त्याला क्लास बी रेटिंग (छप्पर आगीला किती तग धरतं त्याचा दर्जा, ए सगळ्यात वरचा) मिळतं, क्लास ए पाहिजे तर खाली आगरोधक थर घालावा लागतो. साध्या लाकडाला रेटिंगच नसतं. टेस्ट सर्टिफिकेट लेखी मागा, तोंडी नको.

गगनबावड्याची_ताई:
आमच्याकडं मंगलोरी कौलं आहेत, कौल जळत नाही हे खरं पण खालचे वासे-रिपा लाकडीच ना. कौलाच्या फटीत चिमण्यांची घरटी, कडेला पाला, ते उन्हाळ्याआधी साफ केलंच पाहिजे. आणि ओलं आहे म्हणून पेटत नाही असं धरू नका, आपलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं ते भर पावसाळ्यातच. त्या रात्रीचे व्हिडिओ अजून बघवत नाहीत मला.

शिवारकरी:
छपराइतकंच घराभोवतीचं बघा भावा. निदान ३० फूट गवत काढून टाका, डोंगराकडच्या बाजूला जानेवारीतच जाळरेषा (गवत आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) मारून घ्या, भिंतीला लागून सरपण नको. शेजारच्या ऊसवाल्यांशी आधीच बोला, पाचट पेटवण्यापेक्षा कुट्टी करून सरीत कुजवलं तर त्यांच्याच जमिनीचं भलं आहे.

रानवाट:
मंगलोरी कौलंच घालतो मग, आर्किटेक्टला आजच सांगतो. वाश्यांच्या टोकाला जी हवेची जागा सोडतात तिथं जाळी कुठली लावू?

करवीर_बांधकाम:
३ मिमी किंवा त्याहून बारीक भोकाची स्टीलची जाळी घ्या. प्लॅस्टिकची अजिबात नको, वितळते.