मदत हवी आहे: कोंडाणा उंदीर आणि शेतातला मेटाड, सीमा कुठे आखायची?

नमस्कार मंडळी,
सिंहगडाच्या माथ्यावरून १९७५ साली मिश्रा आणि धांडा यांनी मिलार्डिया कोंडाना, म्हणजे कोंडाणा उंदीर, ही जात वर्णिली. तिचा जवळचा नातलग मिलार्डिया मेल्टाडा, म्हणजे मेटाड, भारतभर शेतांतून सापडतो. दोघांचेही केस मऊ. कोंडाणा आकाराने मोठा, हे पुस्तकात वाचायला सोपं. पण अर्धवट वाढलेला कोंडाणा आणि पूर्ण वाढलेला मेटाड समोर आले तर काय करायचं? दाढांच्या झिजेवरून वय ठरवून मगच कवटी आणि मागच्या पावलाची मापं ताडून बघायची, असं मला वाटतं. यात काही खोट आहे का?

दुसरी शंका जास्त छळते. गडमाथे एकमेकांपासून तुटलेले, मधल्या खोऱ्यांत शेती. मग वेगवेगळ्या माथ्यांवरचे उंदीर एकाच जातीचे मानायचे की नाही, हे सायटोक्रोम-बी या पेशीच्या केंद्रकाबाहेर, मायटोकॉन्ड्रियात असणाऱ्या एकाच जनुकावरून ठरवता येईल का? तो फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकर झाला असेल तर तो नजरेतून सुटेल अशी धास्ती आहे. केंद्रकातले कोणते जनुक सोबत घ्यावेत? आणि संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांतून वापरण्याजोगा डीएनए कोणी काढलाय का? जिवंत उंदीर पकडायला परवानगी लागते, आणि ही जात धोक्यात आहे, म्हणून आधी जुनेच नमुने वापरायचा विचार आहे.