लेगोच्या घरावर मजला चढवतोय, फट राहतेय

प्रश्न: लेकीच्या घरावर दुसरा मजला चढवतोय. स्वस्तातल्या विटा आणल्या. काही दातांनी ओढाव्या लागतात, काही फुंकरीने पडतात. भिंतीवर दुकानाची पाटी आडवी बसवली तर बारीक फट राहते. काय करू?

उत्तर १: आधी दात सांभाळा! विटेवरच्या खुंट्यांमधलं अंतर ८ मिमी, प्लेटची (चपट्या विटेची) जाडी ३.२. म्हणजे पाच प्लेटा = दोन खुंट्या, १६ मिमी. वीट तीन प्लेटांएवढी उंच, म्हणून आडव्या पाटीसाठी वीट अधिक दोन प्लेटा एवढी उंची सोडा.

उत्तर २: सैल विटा भिंतीच्या पोटात ढकला, कोपऱ्यांना नको. लेगोचा जुना डबा मिळाला तर घ्या, १९५८ पासूनच्या लेगोच्या विटा आजच्यांवर बसतात.

प्रश्नकर्ता: बसली! नखसुद्धा जात नाही. आता बाईसाहेबांना लिफ्ट हवीय.