शब्दचर्चा : 'अँकर टेक्स्ट' आणि 'दुबार दुवा'

लातूरहून विचारणा :
छोट्या दुकानदारांना आपली वेबसाइट स्वतः लिहिता यावी म्हणून मराठीत एक पुस्तिका लिहितोय. दोन ठिकाणी अडलो आहे. पहिला शब्द 'अँकर टेक्स्ट', म्हणजे दुव्याची वाचकाला दिसणारी अक्षरं, ज्यांवर बोट ठेवलं की दुसरं पान उघडतं. एकानं 'नांगर-मजकूर' सुचवलं. वडिलांना वाचून दाखवलं, तर त्यांनी विचारलं, "नांगरटीबद्दल लिहायलास का?" दुसरी अडचण : एकाच पानावरून एकाच पत्त्याकडं दोन दुवे गेले, तर त्यातल्या दुसऱ्याला 'दुबार दुवा' म्हणावं का?

नांदेडहून :
नांगर नकोच. कोकणातल्या माणसाला त्यात जहाज दिसेल, आपल्याला औतच दिसणार. शेतातला नांगर संस्कृत 'लांगल'वरून आलाय. जहाजाच्या नांगराला फारसीत आणि उर्दूत 'लंगर' म्हणतात, पण आमच्या नांदेडात लंगर म्हटलं की गुरुद्वाऱ्यातली पंगत. नुसतं 'अँकर' ठेवलं तर कार्यक्रमात माइक धरणारा समोर येतो.

परभणीहून :
आणि आम्हा वर्तमानपत्रवाल्यांना पानाच्या तळाची मोठी बातमी! मी 'खुंटा' सुचवणार होते. दुवा म्हणजे दावं, अँकर म्हणजे खुंटा. पण वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या 1997 च्या चौथ्या आवृत्तीत व्याख्या पाहिली : दुव्याला दोन टोकं असतात आणि त्या दोन्ही टोकांना अँकर म्हटलंय. दाव्याच्या एकाच टोकाला खुंटा असतो, दुसरं जनावराच्या गळ्यात. शिवाय आपल्याकडं पीक खुंटतं, वाढ खुंटते. चांगल्या गोष्टीला तो शब्द चिकटवायला मन होईना. सरळ 'दुवाशब्द' म्हणा, दादा.

बीडहून :
'दुवाशब्द' मलाही पटतो. फक्त आमच्या घरात 'दुवा' म्हणजे आशीर्वाद. निजामाच्या राजवटीतली उर्दू अजून आमच्या बोलण्यात आहे, आजी कुणी मदत केली की "तिची दुवा लागली" म्हणायची. साखळीची कडी या अर्थाचा दुवा मी शाळेच्या पुस्तकात पहिल्यांदा वाचला. पण इथं दोन्ही अर्थ चालतात. गूगलचे संस्थापक ब्रिन आणि पेज यांनी 1998 च्या निबंधात गूगलची रचना मांडली, ती पाहा. दुव्यातले शब्द ते ज्या पानावर आहेत तिथंच मोजून थांबायचं नाही, ज्या पानाकडं नेतात त्या पानाच्या खात्यावरही लिहायचे. कारण, पान स्वतःबद्दल जे सांगतं त्यापेक्षा दुसऱ्यानं केलेलं वर्णन पुष्कळदा नेमकं असतं. ज्यात मजकूरच नाही असं चित्रही मग शोधात सापडतं. म्हणजे दुसऱ्यानं दिलेली दुवाच की!

नांदेडहून :
दुवा लागते तशी बद्दुवाही लागते, ताई. 2003 च्या सुमारास पुष्कळ लोकांनी 'दारुण अपयश' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर जॉर्ज बुश यांच्या अधिकृत चरित्रपानाचा दुवा दिला. त्या पानावर ते शब्द नव्हते, तरी गूगलवर तेच पान वर यायचं. जानेवारी 2007 मध्ये गूगलनं त्याचा बंदोबस्त केला. दुवाशब्दांत किती बळ असतं, ते तुमच्या दुकानदारांना या एका उदाहरणावरून कळेल.

हिंगोलीहून :
मी शेतकरी, मुलाच्या दुकानाची वेबसाइट बघतो. 'दुबार' शब्दावर माझा आक्षेप आहे. दुबार म्हटलं की दुबार पेरणी. मृग कोरडा गेला, पहिलं बी वाया गेलं, म्हणून पुन्हा पेरलं. तिथं पीक येतं ते दुसऱ्या पेरणीचं. दुव्यांच्या बाबतीत मात्र वेबसाइटवाले नेमकं उलटं सांगतात : गूगल पहिल्याचे शब्द धरतं, दुसऱ्याचे वाया. शब्दच उलटी समजूत करून देणारा असेल तर तो पुस्तिकेत नको.

परभणीहून :
काका, पेरणीचं खरंय. पण मतदार यादीतलं 'दुबार नाव' आठवा. माणूस एक, नोंदी दोन, मत मात्र एकच. दुव्याचं त्याच्याशी जुळतं. पत्ता एक, दुवे दोन, त्यातल्या एकाचेच शब्द धरले जाण्याची शक्यता. कुठल्या एकाचे, हे मात्र ठाम लिहू नका. 'पहिलाच मोजतात' हा निष्कर्ष 2008 च्या सुमाराला लोकांनी स्वतः प्रयोग करून काढलेला. गूगलनं तसा कायमचा नियम बांधून दिलेला नाही, आणि यंत्रणा बदलत राहते.

आणखी एक फरक लिहा : दुव्यातून जाणारं वजन वेगळं आणि दुव्याचे शब्द वेगळे. पेजरँक, म्हणजे आलेल्या दुव्यांवरून पानाचं वजन ठरवायची गूगलची रीत; तिच्या मूळ मांडणीत दोन्ही दुव्यांतून वजन वाहतं. शब्दांपुरता प्रश्न आहे. 'दुबार दुवा रद्द होतो' असं लिहिलंत तर ते चूक ठरेल.

लातूरहून :
हे माझ्याकडून चुकलंच असतं. आता उदाहरण बघा. पैठणी विकणारं दुकान. पानाच्या वरच्या पट्टीत, म्हणजे मेनूत, 'उत्पादने', खाली मजकुरात 'पैठणची हातमागावरची पैठणी', दोन्ही एकाच पानाकडं जातात. यंत्रानं वरचा शब्द उचलला तर त्याला 'उत्पादने' एवढंच कळणार, त्यात पैठणही नाही आणि पैठणीही नाही. म्हणून वरच्या पट्टीतच 'हातमाग पैठणी' लिहा, असं सांगतो. मग कुठलाही दुवा धरला तरी नुकसान नाही.

परभणीहून :
उत्तम. चित्राला दुवा असेल तर चित्राचं पर्यायी वर्णन (चित्र दिसलं नाही तर त्याच्या जागी येणारे शब्द) हेच दुवाशब्द म्हणून धरलं जातं, तेही लिहा. ते रिकामं सोडू नये. आणि 'इथे टिचकी मारा', 'अधिक वाचा' हे तर काढाच. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्या अंध वाचकाला नुसती दुव्यांची यादी ऐकवली तर त्याला दहा वेळा 'अधिक वाचा' ऐकू येतं. मला यंत्रापेक्षा त्याची काळजी जास्त वाटते.

बीडहून :
मराठीपुरतं एक राहिलं. 'पैठणीच्या' यातल्या 'पैठणी'एवढ्यालाच दुवा देतात आणि 'च्या' बाहेर लोंबत राहतो. शब्द अर्धा निळा, अर्धा काळा. आपला प्रत्यय शब्दाला चिकटूनच येतो, म्हणून दुवा अख्ख्या शब्दाला द्यावा.

हिंगोलीहून :
मतदार यादीचा दाखला शेजारी छापणार असाल तर 'दुबार दुवा'ला माझी हरकत नाही.

लातूरहून :
छापतो, काका. 'दुवाशब्द' आणि 'दुबार दुवा' दोन्ही घेतले. पट्टीतल्या नावांचं प्रकरण आज रात्री नव्यानं लिहायला बसतो.